त्या मऊ वड्या माझ्या नव्हत्या

परवा ग्वाल्हेरहून एका आतेबहिणीचा फोन आला. ख्यालीखुशाली झाल्यावर म्हणाली, दादा, वहिनींच्या त्या मऊ तिळाच्या वड्या तू करतोस म्हणे, कृती सांग ना. मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो. यंदाच्या संक्रांतीला जे इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहात हजर होते त्यांना खरं माहीत आहे. पण खोटी गोष्ट आधी निघाली होती, ती पुढे गेली. ग्वाल्हेरला पोचली, तिथून पुण्याला गेली असेल. तिच्या मागोमाग खरी गोष्ट पाठवायला हवी, म्हणून लिहायला बसलो आहे. एवढं लिहिताना दोनदा उठलो.

वड्या माझ्या नाहीत. माझ्या बायकोच्याही नाहीत. त्या माझ्या सुनेच्या आहेत.

सून झाशीजवळच्या मऊरानीपूरची. वडिलांची धान्याची अडत, घरात सगळे बुंदेली बोलतात. ती इथं एका शाळेत गणित शिकवते. मुलानं हे लग्न ठरवलं तेव्हा झाशीतल्या आमच्या मराठी मंडळींपैकी माझ्यासमोर कुणी काही बोललं नाही. बायकोच्या कानावर मात्र एक वाक्य आलं. आता यांच्याकडे संक्रांतीला वड्यांऐवजी बाजारचा तिळाचा गजक यायचा. बायकोला ते फार लागलं. तिनं संक्रांतीच्या आदल्या दिवशी नव्या सुनेला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. तू बैठ, तू थक गई होगी, असं गोड बोलून बाहेर बसवलं. पुढची प्रत्येक संक्रांत अशीच गेली. मग बायको गेली.

ती गेल्यावरच्या पहिल्या संक्रांतीला आम्ही काही केलं नाही. दुसऱ्या संक्रांतीला, म्हणजे गेल्या वर्षी, सून म्हणाली की मंडळाच्या तिळगुळाला या वेळी आपल्या घरून वड्या न्यायच्या, मी करते. बोलली हिंदीत. तिला मराठी सगळं समजतं, बोलायला लाजते. मुलगा म्हणाला, कशाला त्रास घेतेस, तिथं नावं ठेवायला बसलेलेच असतात. ती म्हणाली, म्हणूनच.

तिच्याकडे एक विजेची हंडी होती. स्वतःच्या पगारातून घेतलेली. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण. सकाळी राजमा टाकून, बटण फिरवून ती शाळेत जायची, दुपारी परत येईपर्यंत राजमा शिजलेला. मला ती हंडी कधी आवडली नाही. शिट्टी नाही, आवाज नाही, जाळ नाही. माझी सारी नोकरी स्टेशनात गेली. तिथं गाडी येण्याआधी घंटा होते, भोंगा होतो, मग गाडी येते. ही हंडी काही सांगतच नाही. मी सारखा जाऊन झाकण उचलून बघायचो. सून म्हणायची, "बाबूजी, झाँकिए मत, वो शरमाती है।"

वड्यांच्या दिवशीही मी तसाच आत-बाहेर करत होतो. तीळ तिच्या माहेरचे, न धुतलेले, मातकट रंगाचे. ते तिनं मंद भाजून भरड वाटले. दाणे भाजून सोलून त्यांचा कूट केला. हंडीत आधी तूप, मग चिरलेला गूळ. बटण सगळ्यात कमीवर. आणि झाकणाखाली एक स्वच्छ पंचा ताणून धरला, त्याची टोकं वर उचलून झाकणाच्या मुठीला बांधली. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, झाकणावर वाफेचं पाणी जमतं, ते गुळात पडलं की वडी कधी जमत नाही. गूळ विरघळला तेव्हा तिनं मावा घातला, मग तीळ, दाणे, वेलदोडा. मोठ्या चमच्यानं ढवळलं, तूप लावलेल्या थाळीत ओतलं, वाटीच्या तळानं थापलं, वर खोबरं भुरभुरलं. काम इतकं सोपं, की मला जरा रागच आला. माझ्या बायकोची कंबर मोडायची पाक करताना.

मी म्हणालो, वडी खटकन तुटायला हवी. ही तर मऊच राहणार. ती म्हणाली, मऊच करायची आहे. या हंडीत गूळ फक्त विरघळतो, त्याचा कडक पाक होतच नाही. मग तिनं सांगितलं, की लग्नानंतर मंडळाच्या पहिल्या तिळगुळाला तिला कुणी बोलायला नव्हतं, म्हणून ती बघत बसली होती. म्हातारी माणसं वडी घेतात, कपाळाला लावतात आणि रुमालात बांधून नातवंडांसाठी नेतात. खात कुणीच नाही. दात कुठे आहेत?

इतकी वर्षं मी त्या सभागृहात जातो. मीही रुमालात बांधून आणतो. मला हे कधी दिसलं नव्हतं.

मंडळात वड्या संपल्या. म्हातारी माणसं दुसरी मागून घेत होती. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क वहिनी, काठी टेकत चालणाऱ्या, बोलायला तिखट, त्यांनी वडी तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि जरा वेळानं बघतो तर डोळ्यांत पाणी. विचारलं, "भाऊजी, कुणाच्या हातच्या या?"

सून माझ्या शेजारी थाळी घेऊन उभी होती. तिचं नाव घ्यायचं, एवढंच काम होतं. त्यासाठीच ती आली होती. मी म्हणालो, "मी केल्या. हिच्या सासूनं जाताजाता शिकवल्या होत्या मला."

का म्हणालो, ते मी वर्षभर शोधलं. बायकोचं नाव त्या सभागृहात कुणी घेत नव्हतं, ते घ्यावंसं वाटलं, हे खरं आहे. पण पुरतं खरं नाही. बायको गेल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. त्या दिवशी सगळे माझ्याकडे वळून बघत होते. ते मला आवडलं. आणि सुनेनं विजेच्या भांड्यात केल्या असं सांगितलं तर कुणीतरी हसेल, अशी धास्तीही होती. हसलं असतं ते तिला. मी घाबरलो ते स्वतःसाठी.

सुनेनं थाळी टेबलावर ठेवली. वह्या तपासायच्या आहेत असं मुलाला सांगितलं आणि ऑटो करून घरी गेली. मागे बायका मला सांगत होत्या, धन्य आहे हो तुमची.

घरी त्यावर एक शब्द झाला नाही. ती मला चहा देत होती, औषधाची आठवण करत होती. फक्त हंडी तिनं खोक्यात घालून माळ्यावर टाकली. राजमा पुन्हा कुकरमध्ये शिजू लागला. शिट्टी झाली की मी दचकायचो. तिला सांगून टाकावं म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचो, तिथं पाण्याचा पेला उचलायचो आणि परत यायचो. सीपरी बाजारात मंडळींपैकी कुणी भेटलं की वड्यांचा विषय काढायचं. मी रस्ता ओलांडायला लागलो.

मग या वर्षी मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. आपली तरुण पोरं आता मराठी पदार्थ विसरली, तेव्हा संक्रांतीला तुम्ही सगळ्यांसमोर वड्या करून दाखवा. मी हो म्हणालो. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

सून शाळेत गेली की मी तालीम करू लागलो. पहिल्यांदा गॅसवर. गुळाचा पाक झाला आणि वड्या थाळीला अशा चिकटल्या की मी उलथनं वाकवलं. दुसऱ्यांदा घाईनं उतरवलं, तर चिखल. शेवटी माळ्यावरून हंडी काढली. पंचा बांधायचा विसरलो, आणि काही होत नाहीसं वाटून झाकण किती वेळा उचललं ते विचारू नका. पाणी गळून गळून गुळाची पातळ आमटी झाली. ती मोरीत ओतत असताना सून दारात उभी. शाळा लवकर सुटली होती.

तिनं वाकडं उलथनं पाहिलं, हंडी पाहिली. म्हणाली, "बाबूजी, वहाँ क्या दिखाएँगे?"

मी म्हणालो, तू चल माझ्याबरोबर.

ती म्हणाली, मी नाही येणार. पण तिनं हंडी धुतली, पुसली, तीळ-दाणे वाटून डब्यात भरले, गूळ चिरून दिला. पंचाही दिला, घडी घालून. सगळं एका पिशवीत. तिला हवं असतं तर ती मला तोंडघशी पाडू शकली असती. तिनं तर मला दुसऱ्यांदा खोटं बोलण्याची पूर्ण तयारी करून दिली. ती पिशवी उचलताना मला जे वाटलं ते शिव्या खाऊनही वाटलं नसतं.

सभागृहात हंडी टेबलावर मांडली. समोर खुर्च्या भरलेल्या. पोरं फोन वर धरून बसलेली. मी तूप घातलं, गूळ घातला. पंचा बांधायला घेतला, गाठ बसेना. मग मी गाठ सोडली आणि म्हणालो, "या वड्या मला येत नाहीत. मागच्या वर्षीच्या मी केल्या नव्हत्या. माझ्या बायकोलाही या येत नव्हत्या, तिच्या कडक असायच्या. त्या मऊ वड्या माझ्या सुनेनं केल्या, ती माझ्या शेजारी उभी होती, आणि मी खोटं बोललो."

पोरांनी फोन खाली घेतले. मग मागून एक जण म्हणाले, म्हणजे मशीनच्या वड्या खाऊन आपण गहिवरलो. काही जण हसले.

वहिनींनी काठी आपटली. "मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या मंडळींच्या वडीनं माझी दाढ गेली होती. त्यांच्या हातून अशी वडी होणं शक्य नव्हतं."

मी विचारलं, मग वहिनी, तुम्ही बोलला का नाहीत?

"गेलेल्या बाईचं कौतुक चाललं होतं. त्यात मी कशाला तोंड घालू? पण भाऊजी, पोर शेजारी उभी होती हे मला दिसलं नाही. तिला बोलवा."

मी फोन लावला. सगळ्यांसमोर, आवाज मोठा करून. सुनेनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, की ती येणार नाही. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी रविवारी घरी यावं, हंडी घरी परत आणलीत तर शिकवीन. फोन बंद झाला. सभागृहात कुजबुज झाली. एक बाई म्हणाल्या, बापरे, मिजास आहे. वहिनी म्हणाल्या, असू दे की, तुला वडी येते का?

रविवारी चार बायका आल्या. फार नाहीत. मंडळात चाळीसेक घरं असतील. वहिनी ऑटोतून, काठी आधी बाहेर काढत उतरल्या. सुनेनं हिंदीत शिकवलं, बायका मराठीत विचारत होत्या, कुणाचं काही अडलं नाही. तीळ कुठले, मावा कधी, पंचा कशाला. वहिनींनी वडी थाळीतून गरमच उचलली आणि बोट भाजून घेतलं. सुनेनं त्यांचा हात नळाखाली धरला आणि रागावली त्यांना, शाळेतल्या मुलांना रागावते तशी. वहिनी मुकाट्यानं ऐकत होत्या. मी व्हरांड्यात. आत जावं की नाही ते ठरत नव्हतं. जाताना एकीनं तिला गुरुवारच्या हळदीकुंकवाला बोलावलं. सून म्हणाली, देखूँगी.

त्या गेल्यावर मी आत गेलो. ती हंडीतलं भांडं घासत होती. मी म्हणालो, झालं बरं सगळं. लोकांना कळलं.

ती म्हणाली, "हाँ। लोगों से कह दिया आपने। मुझसे तो आज तक नहीं कहा।"

खरं होतं. सभागृहात बोललो, फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. वर्षभर ज्या दारापर्यंत जाऊन परत येत होतो त्याच्या आत मात्र काही बोललो नव्हतो. आताही हात पाण्याच्या पेल्याकडे गेला होता. तो मागे घेतला. मी तिला म्हणालो, त्या दिवशी मी तुझं हिरावून घेतलं, तू ऐकते आहेस हे माहीत असून घेतलं, माझं चुकलं. मराठीतच म्हणालो. हिंदीत म्हटलं असतं तर पाठ केल्यासारखं वाटलं असतं.

तिनं नळ बंद केला नाही. भांडं विसळून पालथं घातलं, हात पुसले. माझ्याकडे बघून मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. गुरुवारी ती हळदीकुंकवाला गेली का, तर गेली. कशी होती तिथली मंडळी, विचारलं तर म्हणाली, ठीक थीं.

आता ग्वाल्हेरला फोन करायचा आहे. आतेबहिणीला सुनेचा नंबर देणार आहे. कृती तिनं तिलाच विचारावी.