गाडी तरी बोलन

सोल्डरिंगचा वास आला, की नागभीडजवळचं आमचं अंगण आठवतं. आई गेल्यावर घरात दोघंच उरलो. दुसऱ्याच्या पिकअपवर धान वाहून बाबा मला शिकवत होते. मी कॉलेजसाठी नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याच गाडीसाठी जुना ॲम्प्लिफायर आणला. मी बॅटरीपासून वायर ओढली, सांधे सोल्डर केले, तरी स्पीकरमधून नुसती घरघर. अर्थिंगची वायर मी गाडीच्या पत्र्यावरच्या रंगावरच आवळली होती. रंग खरवडून ती उघड्या पत्र्याला लावली, तसं गाणं मोकळं झालं. "एवढा मोठा आवाज काऊन पायजे, बाबा? जंगलात वरात काढता का?" बाबा हसले नाहीत. "तू गेल्यावर घरी कोन बोलते? गाडी तरी बोलन." आता शहरातल्या खोलीत शिरलो, की मीही आधी रेडिओ लावतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच, आणि या खोलीत एकटाही मीच.