बाबा रुसले नव्हते

दहिवलीच्या भजनी मंडळात अजून सांगतात की, बुवा केले नाही म्हणून माझे वडील रुसले आणि त्यांनी पखवाज सोडला. परवा एका लग्नात मंडळातला म्हातारा चारचौघांत म्हणाला, "तुझा बाप लय मानी रं! अडून बसला तो बसलाच."

मी तिथेच सुनावले, "मानी होते, रुसले नव्हते. तुम्ही एकदा तरी दारात येऊन विचारलंत?"

खरे असे की आईचे अंग लुळे पडले आणि संध्याकाळी, भजनाच्याच वेळी, तिला भरवण्याचे काम बाबांनी कोणालाही दिले नाही. तरीही दर एकादशीला ते कणीक मळून पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावत, एक थाप देऊन सूर पाहत आणि कणीक खरवडून काढत.

आई गेली. सुतक फिटल्यावर मंडळी न्यायला येतील, असे बाबांना वाटले. रुसलेल्याने आपणहून यावे, असे मंडळींना. त्यातच बाबांची उरलेली वर्षे सरली.

मंडळी अखेर आली ती बाबांना पोहोचवायला. टाळ होते, पखवाजही होता. तो दुसराच कोणी वाजवत होता.