दाताळ्याची खरखर

समोरच्या बागेत माळीकाका दाताळ्याने पाचोळा ओढत आहेत. ती खरखर कानावर आली की माझ्या हातातलं काम थांबतं.

लॅटिन शिकवताना सरांनी मला आधी शेतीचे शब्द दिले. रास्त्रुम म्हणजे दाताळं, सार्कुलुम म्हणजे खुरपं, लेगेरे म्हणजे वेचणं. "फुलं वेचायची, फळं वेचायची," सर म्हणाले, "आणि अस्थीसुद्धा. त्याही चितेतून वेचायच्या." मी हसून म्हटलं, "सर, हे कशाला लिहायचं?" वहीत त्या शब्दापुढे मी नुसती फुलं लिहिली.

सरांना मूलबाळ नव्हतं. ते गेले, तेव्हा तिसऱ्या दिवशी राख सावडायला मीच गेलो. स्मशानातल्या माणसाने दाताळ्याने राख पुढे ओढली आणि म्हणाला, "वेचा आता. नीट बघा, बारीक तुकडे मागे राहतात."

मी बराच वेळ वेचत होतो. सगळं हाती आलं की नाही, कोण जाणे.

आता माळीकाका पाटी भरून निघून गेलेत. मागे थोडी पानं राहिलीच आहेत. मला ती बघवत नाहीत आणि खिडकीही लावून घेववत नाही.