दुबईला निघालेली सुकेळी

सुकेळी म्हणजे वाळवलेली राजेळी केळी. हे ठाऊक नसेल तर पुढचं काही कळायचं नाही, म्हणून आधीच सांगते. पिकलेली केळी सोलायची, अंगणातल्या मांडवावर उन्हात घालायची आणि ऊन कललं की एकेक उचलून, केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळून घरात आणायची. असं सात-आठ दिवस. एक रात्र जरी बाहेर राहिली तरी दवाने काळी पडतात, आंबतात, गेली सगळी खेप. आमच्या नंदाखाल गावात हा खटाटोप आता दोघे-तिघेच करतात. त्यातले एक माझ्या वाट्याला आलेत. माझे मिस्टर, क्लेमेंट.

माणूस सरळ. दारू नाही, तंटा नाही, रविवारची चर्चमधली मिस्सा कधी चुकली नाही. पण बेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस एक रात्र घराबाहेर झोपला असेल तर शपथ. माझ्या सख्ख्या भावाचं लग्न उत्तनला, तर हे जेवून हात पुसत दुपारीच परत निघाले. का, तर केळी आत घ्यायची. अहो, आमचा मुलगा जॉयल घेईल, शेजारचा अँथनी घेईल! छे. दुसऱ्यांचे हात म्हणे जड. बरं, पावसाळ्यात तरी मोकळे असतील? तेव्हा बागेत पाणी तुंबतं, ते काढायचं असतं.

आमची मुलगी क्रिस्टीना दुबईला नर्स आहे. दोन हजार चोवीसच्या एप्रिलात तिने आठवड्याची रजा काढली आणि आम्हा तिघांची तिकिटं पाठवली. माझा पासपोर्ट काढून नऊ वर्षं झाली होती, पान न् पान कोरं. मला तिथला तो उंच बुर्ज बघायचा नव्हता की सोनं घ्यायचं नव्हतं. नवऱ्याबरोबर एकदा कुठेतरी जावं आणि संध्याकाळी दोघांनी नुसतं बसावं, एवढंच हवं होतं.

यांनी दहा दिवस नन्नाचा पाढा लावला. अकराव्या दिवशी तयार झाले, पण अट घातली. मांडवावरची अर्धी वाळलेली खेप बरोबर येणार. क्रिस्टीनाच्या चौदाव्या मजल्याला गॅलरी आहे, वाळवंटाचं ऊन आहे, इथल्यापेक्षा दोन दिवस आधी वाळतील. जॉयलने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, केळी काय, अख्खी बाग घ्या, पण चला एकदाचे. नऊ किलो केळी भरली. शिवाय आखातात जाणाऱ्याच्या हाती गावाने आपापल्या पोरांसाठी लोणची आणि सुके बोंबील द्यायचेच, ही इथली रीत. माझ्या वाट्याला जागा उरली दोन साड्यांची.

विमानतळावर दोन तास रांगेत उभं राहिल्यावर कळलं, विमान रद्द. दुबईत धो धो पाऊस, धावपट्टीवर पाणी. हे म्हणाले, आपण नालासोपाऱ्याचं दर पावसाळ्यात तुंबणारं पाणी चुकवून पळायला निघालो, तर ते आपल्याआधीच तिथे पोचलं. रांगेतले लोकही हसले. मला काही हसू आलं नाही. क्रिस्टीना फोनवर म्हणाली, बिल्डिंगखाली गुडघाभर पाणी आहे, लिफ्ट बंद आहे, आणि पुढच्या आठवड्यात तिला रजा नाही. संपलं.

परतताना यांना वेगळीच काळजी, बॅगेत केळ्यांना घाम फुटला असेल. हायवेवर चालत्या गाडीत बॅग उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळी केळी मांडवावर, आणि हे शीळ घालताहेत! त्या शिळेने माझं डोकं फिरलं.

"बरं वाटलं ना तुम्हाला? खरं सांगा," मी म्हटलं.

शीळ थांबली. हातातलं केळं हातातच राहिलं. मी आत जाऊन पोटभर रडले. दुबई गेली चुलीत, पण ती शीळ मला फार लागली.

दुपारी तीनला हे अंघोळ करून, विमानासाठी शिवलेला शर्ट घालून आत आले. माझी बॅग अजून तशीच होती, ती उचलली. बाहेर रिक्षा उभी. कळंबला समुद्राजवळ एक खोली घेतली होती, दोन रात्रींसाठी. यांचं मन बदलायच्या आत मी रिक्षात जाऊन बसले.

संध्याकाळी वाळूत बसलो. ऊन कललं तशी यांची चुळबुळ सुरू झाली. जॉयल उरलेली रजा घालवायला सकाळीच मित्रांकडे गेला होता, म्हणून मला वाटलं, अँथनी केळी नीट घेईल का, याची काळजी असेल.

"अँथनीला सांगितलंत ना?"

"नाही."

"मग केळी?"

"मांडवावर आहेत."

मी उठलेच. रिक्षा मिळाली असती तर अर्ध्या तासात घरी पोचलो असतो. यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं, उघड्या किनाऱ्यावर, या वयात.

"दुसऱ्यावर सोपवलं असतं तर जीव तिकडेच राहिला असता. बस, लुसी. पडू देत काळी."

अंधार पडेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. खेप काळीठिक्कर पडली होती, मुंग्या लागल्या होत्या. हे ती टोपलीत भरू लागले, खताच्या खड्ड्यासाठी. मी त्यातलं एक केळं उचललं, पदराला पुसलं आणि तिथेच उभ्याने खाल्लं. आंबट ढाण होतं. मी ते अख्खं संपवलं.