डोहात हळू झालेली मोटार

या सदरातले अनुभव मी वाचतो ते हसायला, सरळच सांगतो. भूत, चकवा, लागीर यातलं काही मी मानलं नाही आणि आजही मानत नाही. मी इंजिनांचा मिस्त्री. यंत्र बिघडलं की त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर मिस्त्री कच्चा असतो... एवढीच माझी श्रद्धा. तरी हे लिहितोय, कारण पुसदला माझ्या घरी चहाला येणारा प्रत्येक जण ही गोष्ट मलाच समजावून सांगतो, जणू त्या दिवशी बोटीत तोच बसला होता.

साल त्रेसष्ट-चौसष्ट असेल. पैनगंगेवर धरणासाठी जागा पाहणं चालू होतं. बोरिंगचा कॅम्प नदीच्या पलीकडच्या काठावर. रस्ता, जीप, दवाखाना सगळं अलीकडे, पुसदच्या बाजूला. ये-जा करायला एक लाकडी बोट आणि तिच्या मागे टांगलेली पेट्रोलची मोटार. ती माझ्या ताब्यात होती.

त्या मोटारीला एक खोड होती. मूठ पिरगाळून वेग दिला की झकास पळायची. मूठ सैल करून आयडलिंगवर, म्हणजे अगदी मंद चालीवर आणली की दोन आचके द्यायची आणि बंद. कुठेही, कधीही. मी प्लग बदलला. पेट्रोल फडक्यातून गाळलं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक साफ केलं. कार्बुरेटर खोलून स्लो जेट फुंकला, स्लो स्क्रू आत-बाहेर फिरवून बोटं दुखली, थ्रॉटलची तार नवी टाकली. फरक शून्य. म्हटलं जा मसणात, मला हळू जायचंच कुठे आहे?

हळू जावं असं वाटणारा एक जण होता — गणबा भोई. वाट दाखवायला तो पुढे बांबू घेऊन बसायचा. कॅम्प आणि पुसदच्या बाजूचा उतरायचा घाट यांच्या मध्ये एक मोठा डोह लागतो. तिथे शिरताना भोई बांबू पाण्याबाहेर उचलून धरतात आणि डोह संपेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत.

"काहून पण?" मी एकदा विचारलं होतं.

"डोहाचं आयका लागते, मिस्त्री. तुमच्या या फटफटीत काय आयकू येते?"

"मले काई आयकाचं नाई," मी म्हणालो, आणि मुद्दाम मूठ आणखी पिरगाळली. दरवेळी तसाच जायचो.

मग तो दिवस आला. भादव्यातली दुपार, नदीला चांगलं पाणी, वरून भुरभुर पाऊस. बोरिंगचा लोखंडी पाइप सोमलाच्या पायावर पडला. सोमला जवळच्या तांड्यावरचा, आमच्या कॅम्पवरचा सगळ्यात हसरा गडी. गुडघ्याखाली पाय फाटला होता. वर धोतराची पट्टी आवळून बांधली, त्याला बोटीत निजवलं, थंडीने कुडकुडत होता म्हणून घोंगडी घातली आणि मी मोटार सोडली. पूर्ण वेगात. घाटावर जीप उभी होती. वेळेत पोचलो तर माणूस वाचणार, नाहीतर नाही, इतका साधा हिशोब होता.

डोह आला. गणबाने बांबू उचलला, माझ्याकडे वळून पाहिलं.

"आज तं बिलकूल नाई," मी ओरडलो.

आणि मोटार हळू झाली. बंद नाही पडली... हळू झाली. शिलाई मशीन चालावं तशी मऊ टुकटुक. जी आयुष्यात कधी आयडलिंगवर टिकली नव्हती, ती! मूठ माझ्या हातात पूर्ण पिरगाळलेली. मी कव्हर काढलं, कार्बुरेटरवर बोट लावून पाहिलं — थ्रॉटल सताड उघडा, म्हणजे पूर्ण वेगाचा. असा रागावलो की काय सांगू. म्हटलं बंदच करतो आणि नव्याने ओढून चालू करतो. पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीची तोटी बंद केली. ती चालूच.

मोटार सुरू करायची दोरी मी हातात घेतली, तेव्हा त्या शांततेत आवाज आला.

"मिस्त्री... कवापासून आवाज देऊन राह्यलो. पाय वला लागून राह्यला."

घोंगडी उचलली. पट्टी सुटली होती. खालच्या फळ्या लाल झालेल्या. मी वेड्यासारखा त्याच्यावर झेपावलो आणि हातातल्या त्याच दोरीने मांडी आवळली, गाठीवर गाठ मारली. सोमलाने डोळे मिटून मान हलवली. गणबा पुढे बांबू उचलून तसाच, एक शब्द नाही.

डोह संपला. मोटारीने एकदम जोर धरला. मी कसाबसा मुठीपाशी पोचलो. घाटाला लागल्यावर मूठ सैल केली तशी ती नेहमीसारखी आचके देऊन मेली. सवयीने कॉक बंद करायला हात गेला. तो मघापासून बंदच होता.

आता लगेच सांगू नका की कार्बुरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीत पेट्रोल उरतं. उरतं, घोटभर. नंतर पाण्याच्या पिंपात मोटार लावून, कॉक बंद करून मी पाहिलं. पूर्ण वेगात धड विडी पेटवेपर्यंत टिकली नाही. आयडलिंगवर तर ती परत कधीच टिकली नाही.

गणबा म्हणाला, जाताना डोहाला नारळ दे. मी दिला नाही. बांबू उचलतात तसा हातही उचलला नाही. ज्याचं कारण मला ठाऊक नाही, त्याला मी हात जोडणार नाही. मला कारण सापडलेलं नाही, हे मात्र मान्य.

त्रास एकाच गोष्टीचा होतो. डॉक्टर म्हणाले होते, दोरी बांधायला आणखी थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं. सोमला दर दिवाळीला लंगडत येतो, नातवंडांना माझ्या पाया पडायला लावतो आणि म्हणतो, "या मिस्त्रीनं माहा आवाज आयकला, मोटार हळू केली, म्हून मी हावो."

मी दरवर्षी सांगतो, "सोमला, मी नाई केली रे. मी तं मूठ पिरगाळूनच धरली होती."

तो हसतो. त्याला ते पटत नाही.