दोन भावांच्या दाव्यात मी

आमच्या वडिलांनी अमळनेरला स्वतःच्या कमाईनं घर बांधलं. आई आधीच गेली होती. तेही गेले आणि माझ्या थोरल्या भावानं धाकट्यावर वाटणीचा दावा लावला. मी दोघांहून मोठी, दोघांची अक्का, धुळ्याला दिलेली. मला कुत्र्यानंही विचारलं नाही.

त्याचंही काही वाटलं नसतं, पण माझी आखाजी बुडाली! आमच्याकडे आखाजीच्या सणाला भाऊ लेकीला न्यायला येतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही. थोरल्याला धास्ती, की अक्काला आणली तर ती धाकट्याच्या चुलीपाशीही बसेल, त्याची बाजू घेईल. धाकट्यालाही तीच धास्ती. दोन वर्षं कोणी फिरकलं नाही. शेजारीण विचारायची, "काय हो, यंदाही कोणी नाही?" अस्सा संताप यायचा!

शेवटी उठले आणि अमळनेरच्या एका वकिलांना गाठलं. "साहेब, दुसऱ्यांच्या चालू दाव्यात मला घुसता येतं का?"

ते हसले. "दुसऱ्यांचा कसा? घर वडिलांचं, तुम्ही लेक. तुमच्याशिवाय वाटणी पुरी होतच नाही. मलाही पक्षकार करा, असा कोर्टात अर्ज द्यायचा. त्याच घरात आपला हक्क आहे, एवढं दाखवायचं."

अर्ज दिला. कोर्टानं दोघांचं म्हणणं मागवलं. मला वाटलं, आता कडाडून विरोध होणार. कसलं काय! दोघांनीही 'हरकत नाही' लिहून दिलं. आमच्यात बहीण हिस्सा मागत नाही, साडीचोळी घेऊन हक्क सोडते. मग अक्का कशाला आली? तर आपल्या बाजूनं बोलायला! दोघंही मनातल्या मनात हेच धरून बसले. झाले मी प्रतिवादी क्रमांक दोन, आणि माझ्या कैफियतीत, म्हणजे लेखी म्हणण्यात, सरळ तिसरा हिस्सा मागितला.

आठवड्याभरात दोघं धुळ्याला माझ्या दारात हजर, तेही एकाच एसटीनं. एकमेकांचं तोंड न बघणारे हे!

"अक्का, काय करी राह्यनी तू?" थोरला म्हणाला. "हक्क सोडाना कागदवर सही करी दे." धाकट्यानं मान डोलावली.

पण रागाच्या भरात दोघं विसरले, की आखाजी तोंडावर आली होती. अशा दिवसांत बहिणीच्या दारात आलेला भाऊ म्हणजे मुऱ्हाळीच. शेजारीण डोकावली. "आले का मुऱ्हाळी?"

"आले की! यंदा दोन-दोन!" मी म्हटलं.

परक्या बाईसमोर नाही कसं म्हणणार? दोघं एकमेकांकडे बघत राहिले, तोवर मी पिशवी भरलीसुद्धा.

एसटीत मी दोघांच्या मधे बसले. अमळनेरला उतरलो आणि थोरल्यानं माझी पिशवी उचलली. धाकट्यानं ती हिसकावली. "सोड, अक्काले मी लई जास!"

"तू कोन? मी लई जास!"

मला कोण नेणार यावरून भर स्टँडवर दोघांची जुंपली, आणि मला रडू फुटलं. दोन वर्षं मी याच भांडणाची वाट बघत होते.