मथुरा कोणत्या राज्याची

मथुरा बुऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेत आली ती १९५४ साली, थेट सातवीच्या वर्गात. वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी, म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवलं. मी उंच नव्हते, पण बडबडीची शिक्षा म्हणून मागेच बसत असे. अशी आमची ओळख झाली.

ती जसोंडी गावची. वडील लोटूभाऊ कापूस पिकवायचे. बुऱ्हाणपुरात विणकरांच्या गल्लीत तिची विधवा आत्या धुरपदाबाई राहायची आणि मागावर लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरून पोट चालवायची. तिची नजर अधू होत चालली होती. हाताखाली भावाची पोरगी हवी, म्हणून तिने मथुराला मागितलं. मथुराच्या आईने, मालूबाईने, एकच अट घातली होती, "पोरगी देते, पन तिले शाळेत घालजो."

सकाळी कांड्या भरून निघायचं म्हणजे मथुराला रोज उशीर. शाळेची घंटा गल्लीत ऐकू यायची. तेव्हा विणकर रस्त्यातच ताणा पसरून बसलेले असत. कातरीसारख्या काठ्यांवर कमरेच्या उंचीला ताणलेलं ते सूत गल्लीभर लांब. वळसा घालायला वेळ नसायचा. मथुरा परकर खोचून धावत यायची आणि ताण्यावरून पलीकडे जायची. एक गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी. विणकर शिव्या द्यायचे, पण एक धागाही कधी तुटला नाही.

आमच्या ड्रिलच्या सरांनी, अनंतरावांनी, हे एकदा पाहिलं. अनंतराव पस्तिशीचे, सडपातळ, कमी बोलणारे. अमरावतीला व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेले. मुलींना लेझीम आणि कवायत शिकवणं एवढंच त्यांचं काम होतं. त्या दिवशी त्यांनी मथुराला उशिराबद्दल काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "संध्याकाळी नदीकाठी ये. एकटी नको, आत्याला घेऊन ये."

आत्या आली आणि आधी भांडली. "पोरीची जात हाय सर. तंगड्या वर करून पयते, लोक काय म्हनतीन?"

"लोक बोलतील, आत्याबाई," अनंतराव म्हणाले. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण हिच्यासारखे पाय मी नागपुरातही पाहिलेले नाहीत."

ताप्तीच्या काठी, घाटापासून जरा लांब, एक सपाट जागा होती. तिथे त्यांनी बांबूचे आठ अडथळे केले, दोरीने मोजून अंतरं आखली. ऐंशी मीटरची अडथळ्यांची शर्यत. त्यांनी स्वतः ती एकदाच पाहिली होती, बाकी सगळं पुस्तकातून.

"उडी मारू नकोस," ते पुन्हापुन्हा सांगायचे. "उडीत वेळ जातो. दांडी मध्ये आलीच नाही असं समजून धावत राहा."

नडग्या फुटायच्या. आत्या हळद भरायची आणि शिव्या द्यायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा काठावर येऊन बसायची. तिला दिसत नव्हतं फारसं. ती पावलं ऐकायची. दोन अडथळ्यांमध्ये तीनच पावलं पडायला हवीत हे तिलाही कळलं होतं. चौथं पडलं की आत्याच आधी ओरडायची, "हुकली!"

१९५५ च्या हिवाळ्यात खांडव्याला मथुराने शंभर मीटर आणि अडथळे, दोन्ही जिंकले. जानेवारीत नागपूरला प्रांताच्या शालेय स्पर्धा होत्या. रिलेची राखीव खेळाडू म्हणून मीही गेले. माझ्या आईने मथुरासाठी हाफ पँट शिवून दिली होती. ती घालून तंबूबाहेर यायला मथुराला अर्धा तास लागला. धावायला मात्र साडेतेरा सेकंदही लागले नाहीत. ती दुसरी आली. पहिली आलेली मुलगी नागपूरची, वयाने चांगली मोठी, पायात खिळ्यांचे बूट. मथुरा अनवाणी.

निवड समितीतल्या एका वयस्क गृहस्थांनी तिचं नाव वहीत लिहून घेतलं आणि अनंतरावांना म्हणाले, "पुढच्या वर्षी हिला नक्की आणा. राष्ट्रीय स्पर्धेला पाठवू."

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, वाईट वाटलं का. तेव्हा तिने खिडकीबाहेर पाहत सांगितलं, "वंदे, तिचा डावा पाय दोनदा दांडीले लागला. माहा एकदाबी नई."

त्यानंतरचे दहा महिने ती वेड्यासारखी धावली. आत्याची नजर तोवर जवळजवळ गेली होती, कांड्यांचं सगळं काम मथुरावर आलं होतं. पहाटे काम, मग शाळा, मग नदीकाठ. ऑक्टोबरात अनंतरावांच्या घड्याळात साडेबारा सेकंद आले. त्यांनी ते तिला तीन दिवस सांगितलं नाही. घड्याळ चुकलं असेल असं त्यांना वाटलं होतं.

आणि एक नोव्हेंबरला, १९५६ साली, नागपूर राजधानी असलेलं आमचं जुनं राज्य मोडलं. आमच्या घरी महिनाभर त्याचाच वाद चालू होता. बुऱ्हाणपूर कोणाकडे जावं, मराठी शाळांचं काय होणार, नोकरीतल्या लोकांनी नागपूर घ्यावं की भोपाळ. माझे वडील नंदकुमार कचेरीत कारकून. त्यांना रात्रंदिवस तीच काळजी. आम्हा मुलींना त्यात काही कळत नव्हतं. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही नव्या मध्यप्रदेशात राहिलो, एवढंच कळलं.

मग नागपूरहून अनंतरावांना पत्र आलं. आपला जिल्हा आता आमच्याकडे नाही, आपण भोपाळशी पत्रव्यवहार करावा. त्यांनी भोपाळला तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. शेवटी रजा काढून स्वतः गेले. एका कार्यालयाच्या बाकावर त्यांनी दोन दिवस काढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका बाबूने सांगितलं, "आपके रेकॉर्ड नागपूर से आए नहीं. और लड़कियों की बाधा दौड़ इस साल है ही नहीं. अगले साल देखेंगे."

नदीकाठी त्यांनी हे तिला जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे यंदा नई," मथुरा म्हणाली.

"यंदा नाही."

"पुढल्या साली मी शाळेत नसीन सर. आत्याले आता काईच दिसत नई. आन् घरी माह्या लग्नाचं चाललंय."

अनंतरावांनी एकेक अडथळा उचलून कडेला ठेवला.

पुढचं मथुराने एकटीने केलं. तिचा मामा भाईदास इच्छापुराच्या पलीकडे, खानदेशातल्या एका गावात राहायचा. म्हणजे मुंबई राज्यात. संक्रांतीला तो आला तेव्हा तिने त्याच्या मागे लागून एक कागद मागवून घेतला. ही मुलगी दोन वर्षांपासून मामाकडे राहते, असा गावचा दाखला. जानेवारीच्या शेवटी जळगावला त्या राज्याची निवड चाचणी होती. घरून शिकणाऱ्या मुलींनाही तिथे धावता येत होतं, फक्त एखाद्या शिक्षकाची सही लागायची.

तिने दाखला अनंतरावांपुढे धरला तेव्हा मी तिथेच होते.

"हे खोटं आहे, मथुरा."

"हो."

"तू मामाकडे राहतेस?"

"दर दिवाईले रायते. तेवढं तं खरं हाय."

त्यांनी कागद खिशात ठेवला. तीन दिवस तो तसाच त्यांच्या खिशात होता. चौथ्या दिवशी सही करून दिली. भोपाळच्या त्या बाकावर दोन दिवस काढले नसते, तर त्यांनी ती केली नसती असं मला आजही वाटतं.

अनंतराव मथुराला घेऊन जळगावला गेले. माझ्या वडिलांचंही तिथे काम होतं, म्हणून हट्ट करून मी त्यांच्याबरोबर गेले. मथुराने मला बजावलं होतं, "मले ओयखू नको. तिकडं उभी राय."

मी दोरीपाशी गर्दीत उभी राहिले. दुपारी अंतिम शर्यत झाली. सहा मुली. पिस्तूल वाजलं आणि मथुरा पहिल्या अडथळ्याला सगळ्यांच्या बरोबर होती, तिसऱ्याला अर्धं पाऊल पुढे. पाचव्यानंतर तिच्या शेजारी कोणी उरलंच नाही. माझ्या आजूबाजूच्या मुली आपापल्या गावांची नावं घेऊन ओरडत होत्या. भुसावळ, धुळे, अमळनेर. माझ्या तोंडून कधी निघालं ते मला कळलं नाही. "मथुरा! बुऱ्हाणपूर! बुऱ्हाणपूर!"

ती जिंकली. बारा आणि तीन दशांश. तिथे एवढ्या कमी वेळात कोणी धावलंच नव्हतं.

माझ्या शेजारी दुसऱ्या शाळेच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी हातातली यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "काय ग, यादीत तर हिचं गाव वेगळं आहे."

मी गर्दीत मागे सरकले. पण झालं ते झालं होतं. अर्ध्या तासात मथुराला आणि अनंतरावांना तंबूत बोलावलं. कनातीबाहेरून मला सगळं ऐकू येत होतं.

तिथले प्रमुख काही वाईट माणूस नव्हते. ते समजुतीने बोलत होते. "मास्तर, तुम्हाला दाखला दाखवला, तुम्ही विश्वास ठेवला. एवढंच लिहून द्या. मग आम्ही मुलीच्या घरच्यांकडे बघू. खोटा दाखला म्हणजे पोलिसांचं काम आहे."

"खोटा आहे हे मला माहीत होतं," अनंतराव म्हणाले. "मीच आणायला सांगितला. मुलगी लहान आहे. सांगितलं तसं तिने केलं."

"नई, मीच—" मथुरा बोलायला लागली.

"गप्प बस!" सरांनी तिच्यावर आवाज चढवलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

निकाल रद्द झाला. मथुराला दोन वर्षं कुठल्याही स्पर्धेत उतरायला बंदी. मार्चमध्ये अनंतरावांची नोकरी गेली. मथुराचं नावही शाळेने कमी केलं. गावात त्याहून घाण बोललं गेलं. मास्तर एका पोरीसाठी नोकरी घालवतो, म्हणजे काहीतरी असणारच. त्यांच्या बायकोला, मंगलाकाकूंना, पाण्याच्या नळावर बायका ऐकवायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावरूनही बोलायच्या.

अनंतराव कापसाच्या एका जिनिंगमध्ये गाठी मोजायच्या कामाला लागले. सरकीच्या धुळीत त्यांचा खोकला वाढत गेला. मथुराचं जमलेलं लग्न मोडलं. ती विणकरांच्या गल्लीतच राहिली, आंधळ्या आत्याला सांभाळत, दिवसभर मांडी घालून कांड्या भरत. मी तिच्याकडे जाणं बंद केलं. खरं कारण तिला सांगायची हिंमत नव्हती, आणि खोटं कारण शोधावंसं वाटत नव्हतं.

१९५९ च्या जानेवारीत बंदी संपली. पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं. बंदी संपली त्याच आठवड्यात ती अनंतरावांच्या दारात गेली. "सर, दोन वर्स झाले."

ते उठले. खोकत खोकत तिच्याबरोबर नदीकाठी आले. बांबूचे अडथळे कोणीतरी जाळून टाकले होते. त्यांनी तुराट्या आडव्या बांधून नवे उभे केले. ती धावली. सहाव्या अडथळ्यापासून तिची पावलं चुकली, तिनाची चार झाली. घड्याळ पाहून त्यांनी खरा आकडा सांगितला, "चौदा आणि आठ."

"अजून एकदा घेऊ?"

"नको. झालं, मथुरा."

"सहा म्हैन्यात आनीन मी खाली."

"आणशील ग. पण सहा महिने मी उभा राहू शकणार नाही, आणि तुला काम सोडता येणार नाही." मग ते रेतीत बसले आणि पुष्कळ वेळ उठले नाहीत. त्या पावसाळ्यात ते गेले.

पुढे मी शिक्षिका झाले आणि १९७० साली माझी खकनारच्या शाळेत बदली झाली. दुसऱ्या वर्षी जनगणनेच्या कामासाठी देडतलाईला घरोघर फिरत होते. एका घरात एक उंच बाई तुरी पाखडत होती. मी मान खाली घालून विचारलं, नाव?

"मथुराबाई गोटू," ती म्हणाली. "जन्मगाव जसोंडी. लिही वंदे, बाकीचं तुले मालूम हाय."

माझ्या हातातला कागद ओला होईपर्यंत मी रडले. चौदा वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं, की ओरडले ती मी होते.

"मले मालूम होतं. तुहा आवाज मी ओयखला नसता का?" तिने सूप बाजूला ठेवलं. "पाचव्या-सहाव्याच्या मधात ऐकू आला. बरं वाटलं होतं तवा. कोनीतरी आपल्या गावचं हाय म्हून."

तिने रागावावं म्हणून मी थांबले. ती रागावली नाही, आणि ते मला जास्त जड गेलं.

तिचा नवरा चांगला होता. दोन मुलं होती, सासू-सासरे होते. गुडघे दुखतात म्हणाली. ती एके काळी धावायची हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं. मी त्यांना सांगू का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "कायले? त्याईले हसू येईन."

निघताना तिने मंगलाकाकूंची चौकशी केली. त्या अकोल्याला भावाकडे गेल्या होत्या, पत्ता माझ्याकडेही नव्हता.

"सर गेले त्या दिसी मी गेली होती," मथुरा म्हणाली. "काकूनं दार लावून घेतलं. मी बाहेरच बसली, तिरडी निघेपर्यंत. मंग मांगं मांगं चालत गेली घाटापर्यंत. बायाईनं जाऊ नये म्हनतात, पन मले कोनी हटकलं नई. कोनी माह्याकडं पायतच नव्हतं."

सासूने आतून हाक मारली. मथुरा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सूप घेऊन घरात गेली. मी तिच्या घरातली माणसं मोजली, सहा. कागदावर सहा लिहिले आणि पुढच्या दाराशी गेले.